बंद गळ्याचं पोलकं

सुनंदाला लग्नानंतर आठवडा व्हायच्या आत सासरच्यांनी परत आणून सोडलं. दुपारची वेळ होती. नळाला पाणी आलेलं, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर होत्या. पुढे सासू, मागे नवऱ्याचा मामा आणि मध्ये सुनंदा, हातात आपली पत्र्याची पेटी घेऊन. नवरा आला नव्हता. सासूने पिशवीतून एक फोटो काढला आणि इंदूच्या हातात दिला.

"आम्ही ह्या फोटोतली मुलगी केली होती," ती म्हणाली. "ही तुमची तुम्हाला."

आवाज चढलेला नव्हता. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. ही बाई उसनी वाटी परत करायला यावं तशी आली होती.

सुनंदाच्या खांद्यावरचा पदर वाटेत सरकला होता. डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत उतरलेला भाजल्याचा डाग उघडा पडला होता. इंदू रडली नाही, विहिणीच्या पायाही पडली नाही. तिने फोटो उंबऱ्यावर ठेवला, पुढे झाली आणि लेकीचा पदर ओढून आधी डाग झाकला.

सुनंदाने आईचा हात बाजूला केला.

"आता कुणाला दाखवायचंय, आई?"

माझा हंडा भरून वाहत होता, तो मी काढून दुसरा लावला. पाणी फार वेळ यायचं नाही.

ही इंदू माझी शेजारीण. अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि तीही नावाला. मी एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे करायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तिचं त्याहून कमी. तिचा नवरा रंगाच्या कारखान्यात होता. घरी यायचा तेव्हा त्याच्या नखांवरून कळायचं आज कंपनीत कुठला रंग चालू आहे. बोलणं कमी. मी त्यांना भावजी म्हणायचे आणि ते मला काहीच म्हणायचे नाहीत.

इंदू उंच, सावळी, दात जरा पुढे. एका कंपनीतल्या साहेबांच्या बंगल्यावर कामाला जायची. तिथल्या बाईंनी जुने कपडे दिले की आमच्यातल्या बाकीच्या बायका ते वापरून फाडायच्या. इंदू ते धुवून, इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवायची. ते फोटोचे कपडे. एक मोतिया रंगाची रेशमी साडी, एक काळा कोट, दोन टाय, एक पांढरा सदरा, एक मण्यांची माळ. एवढंच. पण त्या पेटीवर आख्ख्या बुवापाड्याचे फोटो निघाले.

तेव्हा फोटो म्हणजे मुद्दाम जाऊन काढायची गोष्ट होती. मुलीचं लग्न ठरवायचं तर आधी फोटो पाठवावा लागे. नोकरीला लागे, गावाकडच्या म्हाताऱ्यांना पाठवायला लागे. फोटो काढायला जायचं उल्हासनगरला, चंदूशेठच्या स्टुडिओत. सिंधी माणूस, जाडा, कायम पान खाल्लेलं. लोक आधी इंदूकडे यायचे आणि मग चंदूशेठकडे जायचे. पुष्कळदा इंदू बरोबरच जायची, कारण वाटेत माणूस बिघडतो असं तिचं मत होतं.

तिची बघायची एक तऱ्हा होती. माणसाला उभं करायची आणि मागे मागे जात बघायची. मागे काय आहे याचं भान नाही. एकदा अशीच बघता बघता मोरीत बसली, तर तिथूनच म्हणाली, "माळ काढ गं, मान आखूड दिसते."

"आधी ऊठ," मी म्हटलं.

"थांब ना, इथनं बरोबर दिसतंय."

लाल साडी तिला चालायची नाही, फोटो तेव्हा काळेपांढरे. "लाल काळी येते. लोक म्हणतील पोरगी सुतकात आहे." फुलाफुलांची चालायची नाही, त्याने अंगावर डाग पडल्यासारखे दिसतात. आमच्यात लग्नाला नवरी पांढरी साडी नेसते, म्हणून काही आया पांढरी घेऊन यायच्या. इंदू ती घडी न मोडता परत द्यायची. "विहारात नेसव. फोटोत सावळी पोर आणखी सावळी येईल." मग पेटीतली मोतिया निघायची. मुलीला शेवटचं सांगणं ठरलेलं, "मान सोड, गळा झाक, आणि माझ्याकडे बघू नको, मी काय नवरा आहे?" मुलगी हसायची आणि चंदूशेठ तेवढ्यात बटण दाबायचा.

पुरुषांसाठी तो कोट. साहेब अंगाने दांडगे होते आणि आमच्याकडचे पुरुष काड्या. इंदू कोट मागून ओढून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची. पुढून माणूस मामलेदार, मागून दोरीवरचं धुणं. खाली काय नेसलंय याची ती फिकीर करायची नाही. "कॅमेरा पायाकडे बघत नाही," हे तिचं नेहमीचं. एकदा तुकाराम नावाचा एक फिटर लुंगीवर कोट आणि टाय घालून फोटोला बसला. फोटो काढून झाला आणि बाहेर कोणीतरी ओरडलं की त्याची सायकल चोर नेतोय. तो तसाच पळाला. उल्हासनगर कॅम्पातल्या भर बाजारात वर साहेब, खाली लुंगी आणि पाठीला चिमटे. सायकल मिळाली. चिमटे मात्र तीनच परत आले. इंदू ते पुढे कितीतरी दिवस त्याच्या बायकोकडे मागत होती.

मी एकदाच तिच्या हाती लागले. माझ्या भावाला माझा फोटो पाहिजे होता. इंदू पेटी उघडून बसली. मी म्हटलं, मला नको, मी आहे तशी जाईन.

"शांते, आहे तशी तू रोज दिसतेस. त्याला फोटो कशाला पाहिजे मग?"

"ओळखायला."

"ओळखायला शेजारीपाजारी आहेत," ती म्हणाली. "फोटो बरं वाटायला असतो."

मी माझ्याच साडीत गेले. फोटो वाईट आला. ती पुढे वर्षभर मला तो दाखवत होती.

मोतिया साडीची गोष्ट तर सगळ्या अंबरनाथला माहीत होती. आमच्या गल्लीतल्या दोन मुलींचे फोटो मध्यस्थाने कल्याणच्या एकाच घरी नेले. पाठोपाठ तिसरीचाही गेला. मुलाची आई तिन्ही फोटो घेऊन स्वतः बुवापाड्यात आली. तीच साडी, तीच माळ, मागे चंदूशेठचा तोच रंगवलेला डोंगर.

"काय हो," तिने विचारलं, "तुमच्याकडे मुलींना गणवेश आहे का?"

सगळे हसले. इंदूही हसली, पण तिला ते लागलं. त्या बाईने त्यातलीच एक मुलगी केली आणि लग्न चांगलं लागलं, तरी इंदूने नंतर कितीतरी दिवस ती साडी बाहेर काढली नाही. मला म्हणाली, "तिने साडी बघितली, पोरी बघितल्याच नाहीत. माझंच चुकलं. कपडा दिसला म्हणजे कपडा चुकला." ती चूक अशी हसण्यावारी गेली. पुढची गेली नाही.

सुनंदा तिची एकुलती एक. आईसारखी उंच, पण दिसायला भावजींवर, म्हणजे चांगली. दहावी झाली आणि एमआयडीसीत औषधाच्या एका लहान कारखान्यात पॅकिंगला लागली. कारखान्याचं नाव सांगत नाही, तो केव्हाच बंद पडला. एका दुपारी कोणीतरी पिंपाचं झाकण उघडलं, आतला माल तापलेला होता, तो उसळला. ही बाजूने चालली होती. चेहरा वाचला. कानाखालून मान, गळा आणि खांदा भाजला. दवाखान्यात बरेच दिवस काढले. इंदू रोज जायची आणि मी डब्यांबरोबर त्यांचाही डबा करायचे. बरी झाली तेव्हा कातडी दुधाच्या सायीसारखी सुरकुतलेली राहिली. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार.

सुनंदाने ते आईपेक्षा लवकर मान्य केलं. घरात पदर न घेता वावरायची. पोरं बघायची, विचारायची. ती सांगायची, "भाजलंय, दुखत नाही." पोरं मग खेळायला पळायची.

दोनेक वर्षांनी लग्नाचं निघालं. मुलगा वापीला एका कारखान्यात होता, आईबाप कल्याणला. त्यांना आधी फोटो पाहिजे होता, तो मुलाला पाठवणार होते.

इंदूने पेटी काढली नाही. साहेबांच्या बाईंकडचं निळसर कापड मागून आणलं आणि हाताने पोलकं शिवलं, बंद गळ्याचं, गळ्याला उभी पट्टी, बाह्या कोपरापर्यंत. मी आतापर्यंत पाहिलेलं तिचं सर्वात चांगलं शिवण ते. तेव्हा तशी फॅशनच होती, त्यामुळे कोणाला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. सुनंदा ते हातात घेऊन बसली.

"आई, मी माझं गोल गळ्याचं घालते."

"ते जुनं झालंय."

"जुनं झालं म्हणून नाही म्हणत तू."

"मग कशाला विचारतेस?"

"दिसू दे ना. ज्याला चालेल त्याला चालेल. नाही चालणार तो फोटो बघूनच नाही म्हणेल. मला तिथपर्यंत जायला नको."

इंदू सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "फोटोत पोरगी दिसायला पाहिजे," ती म्हणाली. "डाग दिसला तर लोक डागच बघतात. आधी तुला बघू देत. मग मी सांगते ना त्यांना. मी स्वतः सांगते."

"नक्की सांगशील?"

"अगं, मी काय लपवतेय का?"

त्या बोलीवर सुनंदाने ते पोलकं घातलं.

मीही गेले होते बरोबर. इंदूने केस डावीकडून पुढे घेतले, पदर दोन्ही खांद्यांवरून आणला, सुनंदाला जरा उजवीकडे वळवलं. मागे मागे जात बघितलं. कानाखाली पट्टीच्या वर बोटभर डाग दिसत होता. चंदूशेठने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, "बाई, टेन्शन नको घेऊ. निगेटिव्हपे पेन्सिल मारतो. एकदम साफ. ब्रह्मदेवाला पण नाय कळणार."

इंदू अशी वळली की मला वाटलं आता ही त्याला मारते.

"पेन्सिल लावायची नाही, शेठ."

"अरे, सब लोक मारते बाई. तीळ काढतो, चष्मा काढतो, एका शेठचं टक्कल भरलं मैंने."

"टक्कल भरा. हिला हात लावायचा नाही. कपड्याने झाकलं ते झाकलं. पेन्सिलीने पुसलं ते खोटं."

तिच्या मनात हा हिशेब अगदी पक्का होता. मला तेव्हा तो पटला होता. तिने सुनंदाचा पदर बोटभर वर घेतला आणि चंदूशेठने फोटो काढला. फोटो इतका सुरेख आला की मी तसा माणसाचा फोटो पुन्हा पाहिला नाही.

मुलाचा होकार आला. बघायला त्याची आई आणि मामा आले. पोहे मी केले. सुनंदा डोक्यावरून पदर घेऊन बसली, खोलीत बल्ब एकच. सासूने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, काही आजारपण आहे का विचारलं. इंदू म्हणाली, नाही. ते खरंच होतं. डागाचं ते कशाला विचारतील? पाहुणे उठले तेव्हा इंदू त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. परत आली तेव्हा सुनंदा दारातच उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं," इंदू म्हणाली.

"मग?"

"म्हणाल्या, काही हरकत नाही."

सुनंदा हसली. मला म्हणाली, "बघ मावशी, तू उगाच घाबरत होतीस." मीही खरं मानलं. इंदू कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नव्हतं.

लग्न विहाराच्या मागच्या मैदानात झालं. पांढरी साडी, वर तसंच बंद गळ्याचं पोलकं, पांढऱ्यात शिवलेलं. गळ्यात हार. सुनंदाला वाटत होतं माणसं सगळं माहीत असून आपल्याला नेताहेत, म्हणून ती इतकी मोकळी होती. नवऱ्याकडे मान वर करून बघत होती. सासरी गेल्यावर रात्री तिने आपल्या हातानेच पदर काढला, हे तिने नंतर मला सांगितलं. नवऱ्याने विचारलं, हे काय? ती म्हणाली, आईने सांगितलंय ना तुमच्या घरी. तो उठून आईकडे गेला. ती म्हणाली, मला कोणी काही सांगितलेलं नाही. मग मामाला विचारलं. सुनंदा तिथे उभी राहून प्रत्येकाचं नाही ऐकत होती.

त्यांनी तिला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. वापीला न्यायचं ते नेलं नाही. आणून सोडलं.

इंदू कल्याणला जाऊन आली. एकदा भावजींबरोबर, मग माझ्याबरोबर, मग एकटी. दारातून सांगायची, फसवलं ते मी, पोरीला माहीत नव्हतं, शिक्षा मला करा. सासू म्हणायची, "तुम्हाला काय शिक्षा करणार, बाई? तुम्ही काय आमच्या घरी राहायला येणार होता?" शेवटी त्यांनी दार उघडणं सोडलं.

एकदा भांडी घासताना इंदू मला म्हणाली, "त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेले ना, तेव्हा सांगणारच होते. पण ती बाई म्हणाली, तुमची मुलगी फोटोपेक्षाही चांगली आहे. मग कसं सांगणार, शांते? मला वाटलं, चार दिवस राहिली की त्यांनाही दिसणार नाही. मला कुठे दिसतो?"

मी तिला म्हटलं, तू आई आहेस, ते लोक आहेत. ती पातेलं घासत राहिली. मला जे वाटलं ते मी बोलले.

सुनंदा आईशी बोलायची बंद झाली. म्हणजे, भात झाला, पाणी आलं, रॉकेलची गाडी आली, एवढं बोलायची. इंदूने पेटी कोणाला तरी देऊन टाकली. लोक यायचे, तर ती सांगायची, आता डोळ्याला दिसत नाही नीट. डोळे चांगले होते. भावजी मध्येच वारले. झोपेत गेले, कोणाला त्रास दिला नाही. दोघी एका खोलीत राहिल्या आणि भिंतीपलीकडून मला वर्षानुवर्षं भांड्यांचाच आवाज आला.

पुढे सुनंदाला बदलापूरला बालवाडीत नोकरी मिळाली. तोवर चाळिशी दिसायला लागली होती, ते नव्वदीतलं शेवटशेवटचं वर्ष असेल. ओळखपत्राला फोटो पाहिजे होता. उल्हासनगरला जाताना तिने मला बोलावलं. निघताना इंदू चप्पल घालून दारात उभी. सुनंदा तिला ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तिघी एका रिक्षातून गेलो.

स्टुडिओ तोच, पण चंदूशेठ गेले होते, मुलगा बसायचा. आता फोटो रंगीत. सुनंदाने विटकरी रंगाची सुती साडी नेसली होती, पोलकं खोल गोल गळ्याचं, केस घट्ट मागे बांधलेले. दारातच आईला म्हणाली, "तू बाहेर बस." इंदू बाहेर बाकावर बसली.

आत तो मुलगा कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "मॅडम, थोडा लेफ्ट घ्या ना. मार्क येतोय."

"येऊ दे," सुनंदा म्हणाली. "समोरून काढ."

त्याने काढला. आम्ही बाहेर आलो तर इंदू बाकावर नव्हती. दुकानाच्या काचेच्या शोकेससमोर उभी होती. आत जुने नमुन्याचे फोटो लावलेले, नवरानवरी, गुटगुटीत बाळं, पदवीची टोपी घातलेला कोणी. त्यात खालच्या ओळीत सुनंदा, निळसर पोलक्यातली. चंदूशेठने तो फोटो मोठा करून लावला होता आणि आम्हाला कधी कळलंच नव्हतं. उन्हाने तो पिवळा पडला होता.

इंदू त्या मुलाला म्हणाली, "तो काढून दे बाबा."

"का मावशी? पपांचा फेव्हरेट होता. कौन है?"

"माझी मुलगी."

त्याने सुनंदाकडे बघितलं, मग काचेत बघितलं. त्याला ओळख पटली नाही. तरी चांगल्या घरचा होता, काही न विचारता काच सरकवून फोटो काढून दिला. इंदूने पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि सुनंदापुढे धरला.

सुनंदाने तो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मला वाटलं, फाडणार. तिने तो आईच्या हातात परत ठेवला.

"हा तुझा आहे, आई," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "माझा आत काढलाय."

इंदूने मान हलवली. रिक्षात ती मध्ये बसली होती. फोटो मांडीवर उताणा होता आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी पडू नये म्हणून तिने त्याच्यावर दोन्ही हात ठेवले होते, अशा बेताने की चेहऱ्यावर हात येणार नाही. तशी मला ती शेवटची नीट आठवते. त्यानंतर ती अंथरुणालाच लागली.

त्याच थंडीत इंदू कावीळ होऊन गेली. सुनंदा आहे. बदलापूरजवळ खरवईला स्वतःच्या खोलीत राहते.